काशाभाऊंच्या पायाची परीक्षा

मीरा रोडला कुणी बघायला म्हणून जात नाही, तिथं लोक राहायला जातात. आठ दिवस मीरा-भाईंदरला चाललेय म्हटल्यावर सोलापुरात आमच्या शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, कुणाचं लग्न आहे? मी म्हटलं, लग्न नाही ओ काकू, लोकांचे पाय बघायला चाललेय. मुलगी बघायला जातात, जागा बघायला जातात. पाय बघायला गाडीभाडं खर्चून जाणारी मीच एकटी असणार.

काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ज्यांना शुगर आहे त्यांचे पाय हळूहळू बधिर होत जातात. खडा टोचला, चटका बसला, तरी समजत नाही. जखम होते, दुखत नाही म्हणून माणूस तिच्यावरच चालत राहतो, ती आत आत जाते, आणि एक दिवस डॉक्टर बोट नाहीतर पाऊलच काढायचं म्हणतात. अशी माणसं घरी स्वतःच्या पायांची निगा कशी राखतात, हे आमच्या संस्थेला जाणून घ्यायचं होतं. भाईंदरच्या एका छोट्या दवाखान्यानं आपल्या पेशंटांना विचारून काही नावं दिली होती. माझ्याजवळ चार पानी फॉर्म होता आणि मनात विश्वास होता की फॉर्ममध्ये सगळं मावतं.

शांती नगर

उतरले माझ्या मावसबहिणीकडे, वैशालीकडे. हे लोक मूळचे परळचे. जागा पुरेना म्हणून इकडे आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. वैशाली ऑफिसला जाते, घाईत बोलते, आणि तिच्या एका वाक्यात तीन भाषा असतात. "सुनी, मी तुला बोलली होती ना, सेक्टर नीट बघ, इधर सब बिल्डिंग सेम टू सेम आहेत," हे तिनं मला पहिल्याच सकाळी बजावलं. मी मान हलवली, कारण मी सोलापूरची. गल्लीत सोडलं तरी वास घेत घरी पोचणारी.

अर्ध्या तासात मी चुकीच्या घरात बसले होते. नंबर बरोबर, मजला बरोबर, फक्त विंग शेजारची. दार उघडणाऱ्या गुजराती बेननी पाणी दिलं, बसायला सांगितलं. मी शुगरबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, हां, है ना, दस साल से. सगळा फॉर्म भरून झाल्यावर सही घेताना कळलं की यादीतलं नाव हे नव्हेच. बेन हसल्या आणि खाखऱ्याचं पाकीट हातात कोंबलं. आमच्याकडे पाहुण्याला आधी कोण, कुठली, कुणाची, हे विचारल्याशिवाय पाण्याचा तांब्या पुढं येत नाही. इथं मी अर्धा तास त्यांच्या नखांची चौकशी केली तरी मी कोण हे कुणी विचारलं नाही. याला मोकळेपणा म्हणावं की काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही.

दुसरा गोंधळ फॉर्मनंच घातला. प्रश्न होता, तुम्ही अनवाणी चालता का? सगळे ठासून नाही म्हणायचे. आणि सगळ्यांच्या चपला दाराबाहेर, पाय फरशीवर उघडे. मी म्हणायचे, हे आता काय आहे? तर समोरचा माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, घरात कोण चपला घालतं? बरोबरच की. मी स्वतःसुद्धा तेव्हा त्यांच्या फरशीवर अनवाणीच बसलेली असायचे. उत्तर हो लिहू की नाही, या विचारात पहिले दोन दिवस गेले.

नया नगरमध्ये तर एका आपांनी माझा फॉर्म आडवाच केला. पाय दिवसातून एकदा धुता का, असा प्रश्न होता. त्या म्हणाल्या, पाच वेळा, नमाजाआधी वजू करताना. आमच्या फॉर्मला पाच हा आकडा माहीतच नव्हता. मी खूश होऊन लिहायला घेतलं, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, की बोटांच्या मधे ओल राहते ती चांगली की वाईट? वाईट, पुसायला हवी, असं मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, तर तुझ्या कागदावर पुसायचा सवाल कुठं आहे? नव्हताच. मी मुकाट्यानं समासात लिहून घेतला आणि त्यांनी दिलेली फिरनी खाल्ली. शुगरच्या घरात पाहुण्याला गोड देणं चुकतं का, हेही मला त्या वेळी ठरवता आलं नाही.

भाईंदर पश्चिमेचं जुनं गाव

तिसऱ्या दिवशी रिक्षा करून भाईंदर पश्चिमेला गेले. टॉवर संपतात, रस्ता अरुंद होतो, आणि एकदम कौलारू घरं, तुळशी, दारात वाळत घातलेले बोंबील. ही मूळची इथली माणसं. मिठागरं आणि भातशेती यांचीच होती. आता कुणाचा टेम्पो आहे, कुणी पालिकेत आहे. मुलं बाहेर हिंदी बोलतात, घरात आल्यावर हाय-न्हाय सुरू. ळ तर कुणी उच्चारतच नाही, कळतं ला कलतं म्हणतात. दोन दिवसांत माझे कान सरावले.

यादीतलं नाव होतं काशिनाथ. गाव त्यांना काशाभाऊ म्हणतं. सत्तरीचा माणूस, उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, आवाज असा की मी नकळत पदर नसताना खांद्यावर पदर शोधला. त्यांची बायको, सगळे तिला बय म्हणतात, लहानखुरी, सतत हलणारी. "इकरं बस पोरी, पंख्याखाली," म्हणून तिनं मला बसवलं आणि तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण पुढं ठेवलं. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दात लागतात. ही तोंडात ठेवली की विरघळते. मी तीन खाल्ल्या. बय खूश झाली.

मग कामाला लागले, तर प्रश्न विचारायचा भाऊंना आणि उत्तर द्यायचं बयनं. पाय रोज बघता का? बय म्हणाली, बघते की. नखं कोण काढतं? मीच. औषध? मीच देते. फॉर्मवर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं की उत्तर रुग्णानं स्वतः द्यावं. मी वैतागून म्हटलं, बय, मला यांच्याकडून ऐकायचंय. बय म्हणाली, "यांना काय इचारतेस? यांचे पाय मना ठावं." मी मनात म्हटलं, झालं, आता इथं स्वतः कुणाला म्हणायचं?

भाऊंच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढी जखम होती. कडेनं कातडी जाड, मधे ओली. दवाखान्यात पट्टी चालू होती, चार महिने झाले तरी भरत नव्हती. बधिर पायाला होते तशीच ती दिसत होती. मी पायाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. ती सोपी असते. नायलॉनचा एक जाड दोरा असतो, तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. माणसानं डोळे मिटून बसायचं आणि स्पर्श कळला की हो म्हणायचं. दहा जागा तपासायच्या.

भाऊ खाटेवर बसले, पाय माझ्यासमोर. त्यांच्या पाठीला उसण भरते म्हणून बय मागं टेका द्यायला बसली. भाऊंनी डोळे मिटले. मी दोरा टेकवला. "हो." दुसरीकडे टेकवला. "हो." मधेच मुद्दाम टेकवला नाही, तर ते गप्प. दहाच्या दहा बरोबर. मी चक्रावले. जखम सांगते पाय बधिर आहे, परीक्षा सांगते पाय शाबूत आहे. दवाखान्याचा कागद काढून बघितला, त्यावरही डॉक्टरांनी तेच लिहिलेलं, संवेदना व्यवस्थित. म्हणूनच त्यांनी ही काहीतरी लागून झालेली साधी जखम धरली होती आणि चालायची बंदी घातली नव्हती. पाय बधिर असता तर पहिली आज्ञा हीच असते, की त्या पायावर भार टाकू नका.

भाऊ मिशीत हसले. "या पायाला समदा कलतं पोरी. गावात इचार कुनालाबी."

मी विचारलं. वाण्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी एकच सांगितलं. मिठागरात पाणी आटत आलं की मीठ काढायला कधी तयार होतं, हे भाऊंचा पाय सांगायचा. ते खाऱ्या पाण्यात अनवाणी उतरायचे, दोन पावलं टाकायचे, आणि तळव्याला दाणा कसा लागतो त्यावरून आज काढा, नाहीतर दोन दिवस थांबा, असं बोलायचे. आजूबाजूचे मालक त्यांना बोलावून न्यायचे. बाकीच्यांचे अंदाज चुकायचे, यांचा कधी चुकला नाही. आता बरीचशी मिठागरं बंद पडली, तरी काशाभाऊंचा पाय म्हटलं की गावातला म्हातारा माणूस अजून मान डोलावतो.

रात्री वैशालीला हे सगळं सांगितलं. ती टिफिन भरत म्हणाली, ज्याचं जळतं त्याला कळतं, तू कशाला डोकं लावतेस? मी म्हटलं, अगं, इथं जळतंय आणि कळत नाहीये, हाच तर घोळ आहे.

मिठागराच्या बांधावर

पाचव्या दिवशी सकाळी भाऊ मला मिठागर दाखवायला निघाले. मी रिक्षा करू म्हटलं, कारण ती जखम डोळ्यांसमोर होती. ते ऐकेनात. डॉक्टरनं चालायला मनाई केलेली नाही, हे त्यांनी मलाच सुनावलं.

पुढे भाऊ, त्यांच्याबरोबर मी, आणि चार पावलं मागं बय, मान खाली घालून. मला राग आला. आमच्याकडेही जुन्या बायका अशाच मागून चालतात, आणि माझ्या आईला मी त्यावरून किती वेळा बोललेय. मी थांबले आणि म्हटलं, बय, बरोबरीनं या की. तिनं हातानंच पुढं हो अशी खूण केली. मी दोनदा सांगितलं, ती दोनदा मागंच राहिली. बाईमाणसाची सवय म्हणून मी नाद सोडला, पण आतून धुसफुसत होते.

बांधावर एका बाजूला तिवरांचं रान, दुसऱ्या बाजूला उथळ पाण्याचे चौकोन. एकदोन चौकोनांत अजून मीठ धरतात, कडेला पांढरे ढीग होते. लांबवर टॉवरची रांग. हवेत खारट, कुजकट वास, तो मला आधी नको वाटला आणि मग आवडायला लागला. भाऊ सांगत होते, कुठल्या चौकोनाचं मीठ जाड, कुठल्याचं बारीक. मी चालता चालता लिहून घ्यायला गेले आणि एक पाय घोट्यापर्यंत चिखलात घातला. भाऊ एवढे हसले की त्यांना खोकला आला.

तेवढ्यात मागून बय हळूच म्हणाली, "चप्पल."

मला वाटलं माझ्या चपलेबद्दल म्हणतेय. पण भाऊ जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. ती चार-पाच पावलं मागं बांधावर पडली होती. बयनं ती आणून त्यांच्या पायाशी ठेवली, भाऊंनी पाय सरकवला, आणि बोलणं जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू केलं. दोघांच्याही चेहऱ्यावर काही नाही. खड्यांचा, शिंपल्यांचा बांध, आणि हा माणूस त्यावरून जखमेच्या पायानं अनवाणी चालला होता आणि त्याला पत्ता नव्हता.

परतताना मी मुद्दाम मागं राहिले आणि बयच्या बरोबर चालले. तिची नजर खाली होती आणि ती फक्त त्यांच्या टाचांवर होती. मला माझीच लाज वाटली. आणि मग नवाच प्रश्न उभा राहिला, की ज्याला चप्पल निघालेली समजत नाही, त्यानं दोऱ्याच्या दहा टोचण्या ओळखल्या कशा?

घरी आल्यावर मी म्हटलं, भाऊ, परवा माझं लिहायचं जरा चुकलं, परत एकदा दोरा लावू का? हे खोटं होतं. बय मागं बसायला आली तशी मी तिला पाणी मागितलं. ती गेली. भाऊंनी डोळे मिटले होते. मी दोरा टेकवला. ते गप्प. दुसरीकडे टेकवला. गप्प. मग मी हात आवरून नुसतीच बसले, तर ते घाईनं म्हणाले, हो. थोड्या वेळानं परत, हो. मी त्यांना हातही लावला नव्हता.

दारात तांब्या घेऊन बय उभी होती. तिनं सगळं बघितलं होतं. भाऊंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

बयनं सांगितलं ते थोडक्यात असं. ती पाठीशी बसते, तळहात त्यांच्या पाठीला टेकवते, आणि दोरा लागला की एक बोट दाबते. दवाखान्यातही असंच. दोन वर्षांपूर्वी भाऊंना पहिल्यांदा समजलं की पाय बोलेनासा झालाय. ते मिठात उतरले होते आणि दाणा लागलाच नाही. घरी आले, जेवले नाहीत. रात्री तिला म्हणाले, हे कुणाला सांगू नकोस. तिनं शब्द दिला. तेव्हापासून ती त्यांच्या मागून चालते, आंघोळीच्या पाण्यात आधी स्वतःचा हात घालते, चपलेत खडा गेलाय का ते बघते.

"त्यांचा पाय मीच झालं, पोरी," ती म्हणाली. "पन ती जखम भरत न्हाय. रोज पट्टी सोडताना मना भ्या वाटतं. सांगू तर शबूद मोडतो, नको सांगू तर पाय जातो. तूच सांग, मी काय करू?"

मी तिचा हात धरून बसले आणि मला रडू आलं, हे कबूल करते. बाहेर जाऊन मी भाऊंना सरळ सांगितलं, डॉक्टरांना खरं सांगू द्या, नाहीतर पाय राहणार नाही. ते समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "परीक्षा झाली ना एकदा? पास झालो ते लिव."

संस्थेतल्या आमच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, त्यांच्या परवानगीशिवाय तू दवाखान्यात बोलायचं नाहीस, पण समजावत राहा. मी दुसऱ्या दिवशी गेले, समजावलं. भाऊंनी मला चहा दिला, मिठाच्या जुन्या गोष्टी सांगितल्या, आणि पायाचा विषय निघाला की उठून गेले. मी काय करतेय, कुणाच्या बाजूनं आहे, गप्प बसणं म्हणजे नियम पाळणं की पाप करणं, काही कळेना. मीरा रोडच्या पूनम सागरपर्यंत पायी आले आणि भलत्याच बसमध्ये चढले.

दवाखान्यात

सातव्या दिवशी भाऊंची तपासणीची पाळी होती. मी निरोप घ्यायचं निमित्त करून गेले. बाकावर दोघं बसलेले. भाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बयनं माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टर तरुण, शांत स्वभावाचे. त्यांनी पट्टी सोडली आणि त्यांचं तोंड उतरलं. जखम आठवड्यात वाढली होती. बांधावरचं चालणं माझ्या डोळ्यांसमोर आलं. ते म्हणाले, भाऊ, असं का होतंय मला समजत नाही, परत एकदा सगळं पहिल्यापासून बघू. त्यांनी दोरा काढला. भाऊंनी डोळे मिटले. बय मागं उभी राहिली आणि तिनं तळहात त्यांच्या पाठीला लावला, नेहमीसारखा.

मी भिंतीला टेकून होते. तिथून मला डॉक्टरांचा दोराही दिसत होता आणि बयची बोटंही.

डॉक्टरांनी अंगठ्यावर दोरा टेकवला. तो वाकला. बयची बोटं हलली नाहीत. डॉक्टरांनी टाचेवर टेकवला. बोटं तशीच. तिनं ओठ दातांखाली धरले होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात दगडासारखा स्थिर होता.

भाऊ वाट बघत होते. त्यांच्या भुवया जवळ आल्या. डॉक्टरांना वाटलं ते ऐकत नाहीयेत, म्हणून म्हणाले, भाऊ, लागलं की सांगा हं.

"अगो," भाऊ डोळे मिटूनच हळू म्हणाले, "हात हाय ना तुझा?"

"हाय," बय म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. मला वाटलं आता भाऊ उठून जाणार, जसे ओट्यावर गेले होते तसे.

ते उठले नाहीत. त्यांनी हात मागं नेऊन बयचं मनगट धरलं.

"न्हाय डॉक्टर," ते म्हणाले. "मना कलत न्हाय."

डॉक्टरांनी पुन्हा दोरा टेकवला आणि विचारलं, आता?

"न्हाय."

आता?

"न्हाय."

दहाही जागा झाल्या. शेवटच्या जागेला त्यांचा आवाज चिरकला, पण त्यांनी उत्तर स्वतःच दिलं.